संत ऑगस्टीनने सगळं कबूल केलं, मग तिचं नाव का नाही लिहिलं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

खूप दिवसांनी धागा काढतेय. मागच्या महिन्यात जुन्या गोव्याला जाणं झालं. बॉम जिझसमध्ये मोठी रांग होती, ऊन मी म्हणत होतं, म्हणून आम्ही बाजूचा चढ चढून सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चपाशी गेलो. तिथे चिटपाखरू नव्हतं. वर छप्पर नाही, भिंती अर्ध्यामुर्ध्या, पायाखाली कोरीव अक्षरांचे थडग्यांचे दगड आणि समोर तो जांभ्याचा मनोरा, उभा चिरून अर्धा काढून नेल्यासारखा. ४६ मीटर उंच. मान वर करून बघता बघता जाणवलं की ज्याच्या नावाने हे एवढं थोरलं काम केलं त्या माणसाबद्दल मला धड एक वाक्य सांगता येणार नाही.

घरी आल्यावर त्याचं 'कन्फेशन्स' मिळवलं आणि तीन आठवडे तेच डोक्यात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी भरभर सांगते. जन्म १३ नोव्हेंबर ३५४, थागास्ते गावचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास. वडील पात्रिसियुस, बेताची जमीन असलेले आणि जुन्या रोमन देवांना मानणारे, आई मोनिका ख्रिस्ती. पोरगा हुशार म्हणून ओढाताण करून आधी मदौराला आणि मग कार्थेजला शिकायला धाडला. तिथे सतराअठराव्या वर्षी एका मुलीशी जुळलं, ३७२ च्या सुमारास मुलगा झाला. मग बाबिलोनियातल्या मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथात नऊ वर्षं, पोटासाठी वक्तृत्व शिकवणं, ३८३ ला रोम, पुढच्या वर्षी मिलान, तिथे बिशप अँब्रोसची प्रवचनं, ३८६ मध्ये बागेत झाडाखाली रडत बसलेला असताना शेजारच्या घरातून पोराचा आवाज येतो "घे, वाच", आणि ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा. पुढे हिप्पो नावाच्या बंदरात बिशप झाला आणि ४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी शहर वेढलेलं असताना गेला.

आता प्रश्न. हा माणूस बिशप झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, लोक पाया पडत असताना हे पुस्तक लिहितो. पोरपणी केलेली चोरी सांगतो, आईला फसवून जहाजात बसलो हे सांगतो, वासना सुटत नव्हती हेही सांगतो. पण जिच्याबरोबर जवळजवळ १५ वर्षं संसार केला, जी त्याच्या मुलाची आई, जिला ३८५ च्या सुमारास मिलानहून परत आफ्रिकेला पाठवलं कारण श्रीमंत घरात लग्न ठरत होतं, तिचं नाव पुस्तकभर एकदाही येत नाही. तिला माझ्यापासून उपटून काढलं, माझं काळीज तिला चिकटलेलं होतं, ते फाटलं आणि रक्ताळलं, अशा अर्थाचं तो लिहितो. तिने पुन्हा कुठल्याही पुरुषाचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतली आणि मुलाला तिथेच ठेवून गेली, हेही लिहितो. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

एवढं सगळं उघडं करणाऱ्या माणसाला एक नाव जड का व्हावं? तुम्हाला काय वाटतं?

वाटसरू

वाचतोय. चांगला विषय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

कोंडाजी

सोनचाफाताई, लेखन आवडलं. मुद्द्यावर येण्याआधी एक शब्दाची अडचण सांगतो. मराठीत ह्या बाईला काय म्हणणार? 'रखेल' म्हटलं की शिवी होते, 'अंगवस्त्र' तर त्याहून वाईट, पेशवाईतला 'नाटकशाळा' इथे बसत नाही. रोमन समाजात ही रीतसर मान्य असलेली सोय होती. दर्जात फरक असेल तर लग्न लागायचं नाही, पण एकमेकांशी एकनिष्ठ राहून घर चालवायचं, आणि चर्चसुद्धा तेव्हा त्याकडे बरीच कानाडोळा करायचं. ऑगस्टीन स्वतः सांगतो की मला ती एकच होती आणि मी तिच्याशी प्रामाणिक होतो. मी 'सहचरी' म्हणेन.

आणि लग्न ठरलेली मुलगी लग्नाच्या वयाला अजून दोन वर्षं कमी होती. तेव्हा मुलीचं कायदेशीर वय १२, म्हणजे ती दहाची असणार. हा तिशीचा. दोन वर्षं दम निघेना म्हणून मधल्या काळात त्याने तिसरीच बाई आणली, तेही त्यानेच लिहून ठेवलंय. लग्न शेवटी झालंच नाही.

वसईची_पोर

अरे वा, हा धागा माझ्यासाठीच आहे असं वाटलं :)

आमच्याकडे वसईत प्रत्येक आळीत एखादी मोनिका आणि एखादा आगुस्तीन सापडेल. २७ ऑगस्टला संत मोनिकेचा सण आणि दुसऱ्या दिवशी २८ ला ऑगस्टीनचा, आई आणि मुलगा लागोपाठ. माझी आई मोठ्या भावासाठी मोनिकेची प्रार्थना करायची. भावाला पिण्याची सवय लागली होती, रात्री उशिरा यायचा, आई ओट्यापाशी उभी राहून मणी ओढत असायची, हातात जपमाळ आणि गॅसवर त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं कालवण. ती म्हणायची, मोनिकेने सतरा वर्षं रडून काढली, मला तर आत्ता तीनच झालीत.

मोनिकेची गंमत अशी की लहानपणी ती स्वतः पिंपातून वाइन काढायला गेली की एक घोट प्यायची, मग दोन, मग अख्खा पेला. घरातल्या मोलकरणीने भांडणात तिला 'दारुडी' म्हटलं आणि त्या एका शब्दाने ती सवय सुटली. ऑगस्टीन हे सगळं प्रेमाने सांगतो. आईला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मग तिला पोराचं दुखणं कळत असणार.

कार्थेजच्या बंदरावरचा प्रसंग तर मला वाचवत नाही. हा तिला सांगतो, मित्राला निरोप द्यायला आलोय, वारा पडलाय, तू जवळच्या संत सिप्रियनच्या देवळात रात्र काढ. ती रात्रभर तिथे प्रार्थना करत बसते आणि सकाळी जहाज गेलेलं. पण ती बाई मागोमाग समुद्र ओलांडून मिलानपर्यंत पोचलीच!

नावाबद्दल मात्र माझी बाजू वेगळी आहे, जरा विचार करून लिहिते.

क्लासवाले_काका

वरच्या चर्चेच्या मानाने हलकंफुलकं आहे, चालवून घ्या. डोंबिवलीत ३० वर्षं क्लास चालवला म्हणून हे पान मला तोंडपाठ आहे. कार्थेजची पोरं वर्गात शिरून दंगा करायची, बाकीच्यांना शिकू द्यायची नाहीत, त्याला कंटाळून हा रोमला गेला. तिथली पोरं शांत, पण फी द्यायची वेळ आली की सगळी मिळून मास्तर बदलायची! सोळाशे वर्षांपूर्वी हो! मी हे वाचून बायकोला हाक मारून ऐकवलं.

आणि तो लहानपणी शाळेत मार खायचा, देवाला प्रार्थना करायचा की उद्या मार नको बसू दे, आणि घरचे मोठे लोक हसायचे. ते हसणं त्याला बिशप झाल्यावरही विसरता आलं नाही. मी ते वाचल्यापासून लहान मुलांच्या तक्रारीला हसत नाही.

रोखठोक

मी थोडं कडू लिहिणार आहे, राग मानू नये.

नाव राहू द्या बाजूला, ह्या माणसाच्या विचारांनी पुढे जे झालं ते बघा. जन्मजात पाप हा सिद्धांत त्याने असा घट्ट बसवला की बाप्तिस्मा न झालेलं तान्हं मूल मेलं तर त्यालाही शिक्षा, फक्त सगळ्यात सौम्य. पेलागियुस नावाचा साधू म्हणत होता की माणसाला चांगलं वागायची ताकद मुळात दिलेली आहे, त्याच्याविरुद्ध ह्याने शेवटची वीस वर्षं रान उठवलं. शरीराच्या ओढीबद्दल त्याला वाटणारी लाज अख्ख्या युरोपाच्या माथी बसली. आणि डोनाटिस्ट नावाचे जे वेगळे ख्रिस्ती होते त्यांच्यावर सरकारी जबरदस्ती करायला त्याने बायबलमधलं 'त्यांना आत यायला भाग पाड' हे वाक्य काढून दिलं. पुढे कित्येक शतकं छळ करणाऱ्यांनी तेच वाक्य वापरलं. आधी तोच म्हणत होता की श्रद्धा जबरदस्तीने आणू नये.

त्या बाईचं नाव न लिहिणं मला ह्याच रांगेतलं वाटतं. तिची गरज संपली, नाव पुसलं. मित्र अलिपियुस, त्याला मारामारीचे खेळ बघायचं कसं व्यसन लागलं, ते सगळं नावानिशी आहे. बाईच बिननावाची.

जुना_ग्रंथपाल

रोखठोक, राग कशाला? डोनाटिस्टांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्याच्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण थोडी जोड देतो.

भांडण जुनं होतं. ३०३ च्या छळात काही पाद्र्यांनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. त्यांच्या हातचे संस्कार चालतील का, ह्यावरून आफ्रिकेतलं चर्च उभं दुभंगलं आणि ऑगस्टीन हिप्पोत आला तेव्हा शहरात डोनाटिस्टच जास्त होते. त्यांच्यातले सोटेवाले टोळके वाटेत गाठून मारायचे. एकदा ऑगस्टीनसाठी दबा धरला होता, वाटाड्या रस्ता चुकला म्हणून हा वाचला. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेच्या वर बिशप समोरासमोर बसले, निकाल डोनाटिस्टांच्या विरोधात गेला. ह्यानंतर काही डोनाटिस्टांनी पाद्र्याचा खून केल्याचं कबूल केलं तेव्हा ऑगस्टीनने अधिकारी मार्सेलिनुसला पत्र लिहून विनवलं की ह्यांना देहदंड देऊ नका, हातपाय तोडू नका. म्हणजे दंड, जप्ती, हद्दपारी त्याला चालली, रक्त चाललं नाही. ही त्याची मर्यादा, आणि नंतरच्या लोकांनी ती मर्यादा सोडून फक्त ते वाक्य उचललं.

आता नावांचा मुद्दा. पुस्तक पुन्हा बघा. आई पहिल्या पानांपासून आहे, पण 'मोनिका' हे नाव अख्ख्या पुस्तकात एकदाच येतं, नवव्या खंडाच्या अगदी शेवटी. वडिलांचं पात्रिसियुस हे नावही तिथेच. भाऊ मरणाऱ्या आईच्या उशाशी आहे, तोही 'माझा भाऊ' एवढाच. तरुणपणी जो जिवलग मित्र तापाने गेला, ज्याच्या दुःखात ह्याला सगळा गाव खायला उठला आणि हा थागास्ते सोडून पळाला, त्याचंही नाव नाही. तेव्हा 'बाईच बिननावाची' हे पटत नाही.

आणखी एक. पुस्तकाच्या लॅटिन नावातल्या शब्दाचे दोन अर्थ, पापाची कबुली आणि देवाची स्तुती. सगळं पुस्तक देवाला उद्देशून आहे, 'तू' म्हणून. आपल्याकडे तुकोबा आत्मचरित्राच्या अभंगात दुष्काळ, दिवाळं, बायकोचं मरण सांगतात तेव्हा समोर संत बसलेत. इथे समोर देव आहे आणि वाचक दाराआडून ऐकतोय. देवाला नाव सांगायची गरज काय?

अवांतर: १९८१ मध्ये त्याची तोवर अज्ञात असलेली पत्रं छापली गेली, योहानेस डिव्याक नावाच्या संशोधकाला ती फ्रान्समधल्या जुन्या हस्तलिखितांत सापडली. त्यातल्या एका पत्रात म्हातारा ऑगस्टीन कळवळून लिहितो की दलाल आफ्रिकेतली माणसं पळवून बंदरातून गुलाम म्हणून विकताहेत, आणि तो गावाबाहेर असताना हिप्पोच्या ख्रिस्ती लोकांनी जहाजातून शंभरावर माणसं सोडवली. आईबापांनी विकलेली पोरं कोणती आणि पळवलेली कोणती, ह्याची चौकशी तो करतोय. मला हा ऑगस्टीन फार जवळचा वाटतो.

रोखठोक

ग्रंथपाल काका, मोनिकेच्या नावाचं माहीत नव्हतं, त्याबद्दल मनापासून आभार. तेवढं मागे घेतो. जबरदस्तीचं मात्र घेत नाही. ज्याने स्वतः इतकी वर्षं चाचपडून, स्वतःच्या पायाने वाट शोधली त्याने दुसऱ्याला ढकलून आत न्यायला हो म्हणावं, हे मला कायम टोचत राहणार.

जुना_ग्रंथपाल

टोचायलाच हवं.

मावळतीचा

सगळे मोठ्या गोष्टी बोलताहेत, मला नाशपतींबद्दल बोलायचंय.

ऑगस्टीन १६ वर्षांचा, फीचे पैसे जमेनात म्हणून वर्षभर घरी बसलेला. त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ कुणाचंतरी नाशपतीचं झाड. काही पोरं रात्री उशिरापर्यंत खेळून तिकडे जातात, झाड हलवून सगळी फळं पाडतात, ओझंच्या ओझं उचलून आणतात आणि डुकरांपुढे टाकतात. फळं दिसायलाही बरी नव्हती, चवीलाही नाही. ह्याच्या घरी ह्याहून चांगली होती. ह्या एवढ्याशा गोष्टीवर तो पानंच्या पानं लिहितो. लोक म्हणतात अतिरेक आहे, एवढं काय त्यात.

मी सांगतो काय त्यात. आमच्या गावी आम्ही सातवीत असताना एका एकट्या म्हातारीच्या परसातला आंबा एका दुपारी अख्खा झोडपला. कैऱ्या अजून कोवळ्या, बाठही धरला नव्हता. दोन गोणपाटं भरली. खाल्ल्या किती, तर मीठ लावून एखादी. बाकीच्या सगळ्या आम्ही विहिरीत एकेक करून टाकल्या, कोणाची कैरी जास्त मोठा आवाज करते ते बघायला. हसून हसून पोटात दुखलं. संध्याकाळी म्हातारी झाडाखाली पडलेला पाला गोळा करत होती, ओरडली नाही, काही नाही. ती लोणचं घालून चार घरी विकायची हे मला नंतर कळलं.

आज पन्नाशी उलटली, आयुष्यात ह्याहून मोठ्या चुका झाल्यात, पण त्यांना प्रत्येकीला काहीतरी कारण आहे, लोभ म्हणा, भीती म्हणा. त्या कैऱ्यांना काहीच कारण नाही. आणि मी एकटा असतो तर ते केलं नसतं. ऑगस्टीन नेमकं हेच म्हणतो, एकटा असतो तर केलं नसतं, आणि फळासाठी नाही तर चोरीच गोड लागली म्हणून केली. हे मी वाचलं तेव्हा ३५ वर्षांनी कोणीतरी माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं झालं.

वसईची_पोर

मावळतीचा, किती मनापासून लिहिलंत.

मांडवीकाठ

धागाकर्तीने आमच्या मनोऱ्यापासून सुरुवात केली म्हणून मुद्दाम लिहितोय. ऑगस्टीनियन साधू गोव्यात १५७२ ला आले, हे चर्च १६०२ ला पुरं झालं. एक गैरसमज नको, हा संघ ऑगस्टीनने स्वतः काढलेला नाही. त्याने हिप्पोत मित्रांबरोबर एकत्र राहायचे नियम घातले, ते नियम धरून १३ व्या शतकात हा संघ उभा राहिला. मार्टिन ल्यूथर त्याच संघातला, आणि २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे पण त्यातलेच.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने सगळे धर्मसंघ बंद केले, साधू गेले, चर्च बेवारस पडलं. १८४२ ला छताची कमान कोसळली, १९३१ ला दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा. ताई, तुम्ही बघितलंत तो उरलेला. पण त्या मनोऱ्यातली मोठी घंटा वाचली. ती १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे, ते पांढरंशुभ्र, सगळे फोटो काढतात ते. त्या घंटेचा आवाज आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

आणि तिथे जॉर्जियाची राणी केतेवान पण होती! १६२४ मध्ये इराणात शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने तिला हाल करून मारलं कारण तिने धर्म सोडला नाही. ऑगस्टीनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. ह्या अवशेषांत खोदकाम करताना २००४ मध्ये हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेने डीएनए तपासून दुजोरा दिला आणि २०२१ मध्ये भारताने ते समारंभपूर्वक जॉर्जियाला दिलं. तिचं नाव, देश, मरण सगळं जपलं गेलं. सोनचाफाताईंचा प्रश्न वाचताना मला हेच आठवत राहिलं.

वाटसरू

घंटेचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी कान देऊन ऐकणार.

कोंडाजी

थोडं अवांतर. 'जसा देश तसा वेश' ह्या आपल्या म्हणीसारखं मिलानमध्ये घडलेलं. मोनिका मिलानला आली तर तिथे शनिवारी उपास करत नाहीत, रोममध्ये करतात. ती गोंधळली. ऑगस्टीनने जाऊन अँब्रोसला विचारलं. तो म्हणाला, मी इथे असतो तेव्हा करत नाही, रोमला जातो तेव्हा करतो, तुम्हीही ज्या गावी जाल तिथली रीत पाळा. हे त्याने पत्रात लिहून ठेवलंय.

आजोळ

इथे सहसा फक्त वाचतो. आज लिहितोय.

माझे आजोबा गिरणीत कामाला होते, लालबागला चाळीत खोली. गावी लग्न व्हायच्या आधी त्यांच्या खोलीत एक बाई राहायची, त्यांचा डबा करायची, तापात रात्र रात्र जागायची. दहा-अकरा वर्षं. मग गावाकडे जमिनीची वाटणी निघाली, पणजोबांनी अट घातली की सोयरिक करायची तर हिला घालव. आजोबांनी घालवली. नंतर आजीशी लग्न झालं, पाच मुलं झाली, आजोबा माणूस म्हणून फार चांगले, माळकरी, कुणाचा एक पैसा कधी ठेवला नाही.

आमच्या घरात त्या बाईला 'ती' म्हणतात. 'ती होती तेव्हा', 'तिच्या वेळचा स्टोव्ह'. आजीसुद्धा, आणि आजीच्या बोलण्यात कधी विष नव्हतं. आजोबा शेवटच्या आजारात पोथी ऐकत, कधी डोळे मिटून रडत. मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो, पाय चेपायला बसायचो. एकदा म्हणाले, "मी एका माणसाचं वाईट केलंय." एवढंच. मी विचारलं नाही.

वरचं सगळं वाचून मला कळेना की आजोबांनी नाव घेतलं नाही ते तिला जपायला, स्वतःला जपायला, की आजीला. तिघांनाही असेल. तिचं नाव आता कोणाला माहीत असेल असं वाटत नाही.

क्लासवाले_काका

आजोळ, दंडवत. घरात कोणी वडीलधारं आहे का अजून? आत्या वगैरे? बायकांना माहीत असतं.

आजोळ

मोठी आत्या आहे, ८४ वर्षांची, ऐकू कमी येतं. बघतो.

रोखठोक

माझ्याकडे शब्द नाहीत. आजोबांनी रडताना पोथी ऐकली ह्यावरून ऑगस्टीनचा शेवट आठवला. वेढा चालू आहे, शहरात आजूबाजूचे निर्वासित भरलेत, ह्याला ताप. त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं कागदांवर लिहून अंथरुणासमोरच्या भिंतीला लावून घेतली आणि शेवटचे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारे सोडून कोणाला आत येऊ दिलं नाही. पडल्या पडल्या वाचायचा आणि रडायचा. २८ ऑगस्ट ४३०. त्याच्याबरोबर राहिलेल्या पोसिदियुसने लिहिलंय. मृत्युपत्र केलं नाही, कारण ठेवायला काही नव्हतं. फक्त ग्रंथालय जपा म्हणाला. मतभेद राहूनही ही खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वसईची_पोर

मी वर म्हटलं होतं नावाबद्दल लिहिते म्हणून. ३८७ मध्ये ओस्तियाला, घरी आफ्रिकेला निघालेले असताना, मोनिका आजारी पडली. ५६ वर्षांची होती. पोरांना काळजी की परक्या मुलखात पुरावं लागणार. ती म्हणाली, हा देह कुठेही पुरा, फक्त जिथे असाल तिथे वेदीपाशी माझी आठवण ठेवा. पुस्तकात तिचं नाव येतं ते ह्याच प्रसंगानंतर, वाचकांना विनंती म्हणून, की मोनिका आणि पात्रिसियुससाठी प्रार्थना करा. म्हणजे नाव येतं ते माणूस गेल्यावर, आणि दुसऱ्यांनी ते तोंडात घ्यावं म्हणून. आमच्याकडे मिस्सात मृतांची नावं वाचतात ना, तसंच.

ती सहचरी पुस्तक आलं तेव्हा बहुतेक जिवंत असणार आणि आफ्रिकेतच असणार, हिप्पोहून फार दूर नाही. पुस्तक सगळीकडे वाचलं जात होतं. नाव लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाजारात बायकांनी बोट दाखवलं असतं, ती बघा बिशपची. मुलगा तर आधीच गेलेला, १६-१७ वर्षांचा असताना. त्याचं नाव मात्र लिहिलंय, अडेओडाटस, 'देवाने दिलेला'. आपला देवदत्त! बापलेकाचा एक संवाद तर वेगळ्या पुस्तकात आहे आणि ऑगस्टीन सांगतो की त्यातले मुलाच्या तोंडचे विचार खरोखर त्याचेच आहेत, मला त्याच्या बुद्धीची भीती वाटायची. त्या बाईला मुलगा गेल्याचं कोणी आणि कसं कळवलं असेल, हे मला रात्री सुचलं आणि झोप लागली नाही.

सोनचाफा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वसईची पोर, तुझं बरंचसं पटलं. पण 'बोट दाखवलं असतं' एवढ्याने माझं पूर्ण समाधान होत नाहीये गं. त्याने तिच्यावर अन्याय झाला असं कुठे म्हटलंय? काळीज फाटलं ते त्याचं. रक्त त्याचं. तिच्या शपथेचं कौतुक करतो आणि मी तेवढाही धीर धरू शकलो नाही म्हणतो, बरोबर, पण शेवटी मोजमाप स्वतःचंच. आणि हाच लहानपणी कार्थेजच्या दिदो राणीसाठी रडलेला, एनियास तिला सोडून जहाजाने जातो ती कविता वाचून. ते रडणं वाया गेलं म्हणतो. मग खरीखुरी बाई जहाजात बसून कार्थेजकडे गेली तेव्हा?

जुना_ग्रंथपाल

सोनचाफा, तुमच्या ह्या प्रश्नावर एक जागा दाखवतो. दोन दिवस शोधत होतो, आज सापडली.

कन्फेशन्सनंतर थोड्याच काळात, ४०१ च्या सुमारास, त्याने विवाहावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो एक उदाहरण घेतो, कोणाचं ते सांगत नाही. समजा, एखादा पुरुष आपल्या तोलामोलाची बायको मिळेपर्यंत एखाद्या बाईला जवळ ठेवतो. तर तो पुरुष मनाने व्यभिचारी आहे, आणि ज्या बायकोची त्याला वाट आहे तिच्याशी नव्हे, तर जिच्याबरोबर राहतोय तिच्याशी केलेला तो व्यभिचार आहे. आणि ती बाई? ती जर त्याच्याशी निष्ठेने राहिली आणि त्याने सोडल्यावर तिने दुसऱ्या लग्नाचा विचारही केला नाही, तर तिला व्यभिचारिणी म्हणायला माझी जीभ सहज वळणार नाही. तिला मूल हवं असेल तर ती कित्येक रीतसर लग्न झालेल्या कुलीन बायकांहून वरची, असं तो म्हणतो. शब्द माझे, अर्थ त्याचा.

धर्माचा नियम सांगायला बसलेला बिशप, लिहिता लिहिता मध्येच हे उदाहरण घेतो, ज्याची त्या प्रकरणात फारशी गरजही नव्हती. दोष कोणाचा आणि निष्ठा कोणाची, दोन्ही सांगून पुढे जातो.

सोनचाफा

काका, हे मला कुठेच मिळालं नसतं. आज दिवसभर हेच डोक्यात राहणार. पुस्तक मागवते.

कोंडाजी

ग्रंथपाल काकांना साष्टांग.

रोखठोक

हे उदाहरण वाचून मी माझा पहिला प्रतिसाद परत वाचला. 'गरज संपली, नाव पुसलं' हे चूक लिहिलं मी. बाकीचं कायम.

आजोळ

धागा वर काढतोय, माफ करा.

परवा आत्याकडे गेलो होतो. कानाशी जाऊन विचारलं. तिने आधी दाराकडे बघितलं, कोणी नाही ना. मग सांगितलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि आजीने तिला दोनदा मनीऑर्डर केली होती हेही सांगितलं. आजोबांना न कळवता.

नाव इथे लिहीत नाही.